ऑपरेशननंतर छाती भरू नये म्हणून पेशंटजवळ बसणाऱ्याने काय काय करायचं

बाबांच्या ऑपरेशनला मेडिकलमधून सामान आणायची जी लिस्ट मिळाली होती त्यात युरिन बॅग, कॉटन, डायपर आणि शेवटी ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं मशीन होतं. मीच आणलं. आणि पुढचे तीन दिवस ते लॉकरमध्ये बिस्किटाच्या पुड्यामागे सील न फोडता पडून राहिलं, कारण त्याचं काय करायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटलं डॉक्टर सांगतील तेव्हा काढू.

तिसऱ्या रात्री तीन वाजता बाबा उठून बसायला लागले आणि म्हणाले गाडी डेपोला लावायचीय, कंडक्टर कुठंय. (एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झालीत.) वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या म्हातारी माणसं ऑपरेशननंतर बडबडतात ताई, झोपवा त्यांना. मी झोपवलं. सपाट, अंगावर पांघरूण घालून, लाईट बंद करून. सकाळी राऊंडला सिस्टरनी बोटाला क्लिप लावली तर ऑक्सिजन ८६. एक्स-रे काढला, उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया. पाच दिवस आयसीयू. बाबा वाचले, पण ते सगळं टळू शकलं असतं का हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या वर्षी आईचं हर्नियाचं मोठं ऑपरेशन ठरलं, सिझेरियनच्या जुन्या टाक्यांतून आलेला हर्निया, तेव्हा मी आधीच आतेबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला पकडलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जरीच्या वॉर्डातच काम करते. तिने जे शिकवलं आणि आम्ही जे केलं ते इथे लिहितेय. मी बँकेत कॅशला बसते, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. पण पेशंटच्या उशाशी चोवीस तास कोण असतं, तर आपण. म्हणून हे आपल्याला माहीत पाहिजे.

आधी हे होतं का ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही. पूर्ण भूल दिली की छातीचे आणि श्वासाच्या पडद्याचे स्नायू सैल पडतात, माणूस उताणा झोपलेला असतो, पोटातला सगळा ऐवज पडद्याला वर ढकलतो आणि फुप्फुसाचा खालचा, पाठीकडचा भाग दबून मिटतो. हे जवळजवळ प्रत्येकालाच होतं, भूल दिल्यावर काही मिनिटांतच. दुधाची रिकामी पिशवी आतून कशी चिकटून बसते, तसं. एरवी आपण तासात कितीतरी वेळा नकळत एखादा मोठा श्वास घेतो, उसासा म्हणतो तो, त्यानेच हे बारीक फुगे परत उघडतात. ऑपरेशननंतर टाके दुखतात म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, दुखण्यावरच्या जोरदार औषधांनी गुंगी असते, खोकायची भीती वाटते, उसासा येतच नाही. मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, त्यात कफ साचतो, आणि दोन-चार दिवसांत तिथे इन्फेक्शन धरतं. याला आपण सरळ म्हणतो छाती भरली.

टाके पडद्याच्या जितके जवळ तितका धोका जास्त. छातीचं ऑपरेशन आणि बेंबीच्या वरचं पोटाचं ऑपरेशन सगळ्यात वर. त्यात इमर्जन्सी असेल, दोन-तीन तासांपेक्षा जास्त चाललं असेल, वय जास्त, विडी-सिगरेट, दमा किंवा जुना खोकला, वजन खूप, झोपेत जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, अंगात रक्त कमी, खाणं-पिणं नीट नाही, असं जितकं एकत्र येईल तितका धोका वाढत जातो. बाबांचं अल्सर फुटून रात्री अकराला पोट उघडलेलं आणि चाळीस वर्षं विडी. म्हणजे जवळपास सगळीच लिस्ट. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांनाही यात धरा, त्यांनी विडीला हात लावलेला नसतो पण फुप्फुसं तशीच झालेली असू शकतात, आणि भूल देणारे डॉक्टर विचारतात तेव्हा घरचे सांगतात की हिला कसलं व्यसन नाही.

ऑपरेशन ठरवून असेल तर खरं काम आधीच सुरू होतं. विडी-सिगरेट सोडायची तर किमान चार आठवडे आधी, जितकं आधी तितकं चांगलं. पण आता दोन दिवसांवर आलंय मग सोडून काय उपयोग, असं म्हणू नका, धुरातला जो कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो तो एका दिवसात बराच उतरतो. सर्दी-खोकला-ताप झाला असेल तर लपवू नका. तारीख मिळालीय, सुट्टी टाकलीय, पाहुणे येणार आहेत म्हणून लोक खोकला दाबून ॲडमिट होतात, हे मी स्वतः शेजारच्या बेडवर बघितलंय. भूल देणाऱ्या डॉक्टरांना इन्हेलर, घोरणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मागच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास, हलणारा दात, सगळं सांगा. मशेरी पण सांगा.

आणि श्वासाचे व्यायाम आधी शिकून घ्या. आधी म्हणजे आधी. शुद्धीवर येताना, नाकात नळी, पोटात ड्रेन (आत साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी), अर्धवट गुंगीत माणसाला तुम्ही काही नवीन शिकवू शकत नाही. ताईने मला एक अभ्यास सांगितला, २०१८ साली छापून आलेला, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला. पोटाच्या वरच्या भागाची मोठी ऑपरेशनं होणारे ४४१ पेशंट होते, सगळ्यांना माहितीपत्रक दिलं, पण अर्ध्यांना ऑपरेशनआधी फिजिओने समोर बसून अर्धा तास समजावलं आणि व्यायाम करून घेतला. नुसतं पत्रक मिळालेल्यांत छातीचा त्रास २७ टक्के लोकांना झाला, अर्धा तास मिळालेल्यांत १२ टक्के. अर्धा तास हो! मशीन नाही, औषध नाही. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये फिजिओ असेल तर ऑपरेशनच्या आधीच भेट मागून घ्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

उपाशी राहायचा नियम पण छातीसाठीच असतो. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर फार वाईट होतं. साधारण सहा तास खाणं नाही आणि दोन तास साधं पाणीसुद्धा नाही, नक्की वेळ तुमचे डॉक्टर सांगतील तीच. दुधाचा चहा हा पाणी नाही, खाण्यात धरतात. एवढासा कपभर दिला तर काय होतंय, असं आजीने करून ऑपरेशन पुढे ढकललं गेलेलं आहे आमच्याच नात्यात.

आता ते तीन बॉलचं मशीन. स्पायरोमीटर. ज्याला त्याला वाटतं हे फुंकायचं असतं. फुंकायचं नाही, ओढायचं. बाबांच्या वॉर्डात एक आजोबा दिवसभर त्यात जीव खाऊन फुंकत होते आणि बॉल हलत नाही म्हणून मशीन खराब आहे असं मुलाला सांगत होते. पेशंटला ताठ बसवा, शक्यतो पाय खाली सोडून. आधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा. मग तोंडातली नळी ओठांत घट्ट धरून नारळपाणी स्ट्रॉने ओढतो तसं हळू, लांब ओढत राहायचं. बॉल वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच राहील असं ओढायचं, मग नळी काढून श्वास तीन सेकंद आत धरायचा आणि आरामात सोडायचा. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, तो हवेचा वेग आहे, सेकंदाला किती सीसी. झटका मारून तिसरा बॉल वर उडवण्यात काही अर्थ नाही, पहिल्या दिवशी एकच बॉल सावकाश वर धरून ठेवला तर तो जास्त कामाचा. जागं असताना दर तासाला दहा वेळा, मध्ये मध्ये थांबून. चक्कर आल्यासारखं झालं तर थांबायचं, घाई झालेली असते.

एक गोष्ट ताईने आवर्जून सांगितली, की नुसत्या या मशीनने फार फरक पडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. फरक पडतो तो मोठ्या श्वासाने, खोकल्याने आणि उठून चालण्याने. मशीन म्हणजे आठवण करून देणारी वस्तू. माझं मत विचाराल तर आपल्याकडे ती आठवणच महत्त्वाची आहे, कारण आई नुसतं मोठे श्वास घे म्हटलं की हो घेतलेत म्हणायची, बॉल समोर असला की तिला लबाडी करता येत नव्हती.

खोकला. टाके तुटतील या भीतीने कुणी खोकत नाही, आणि घरचे पण म्हणतात नको खोकूस. उलट आहे. कफ बाहेर आलाच पाहिजे. एक छोटी घट्ट उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर ठेवायची, दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मग खोकायचं, दुखणं खूप कमी होतं. गुडघे थोडे वाकवून बसलं तर अजून सोपं. नुसतं घशात खाकरणं म्हणजे खोकणं नव्हे. आधी तीन-चार मोठे श्वास, मग तोंड उघडं ठेवून चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं 'हाऽऽ' करून जोरात श्वास बाहेर, असं दोन-तीनदा, कफ वर सरकतो, मग एकदा खोकून बेडका काढून टाकायचा. गिळायचा नाही, टिश्यूत घेऊन रंग बघायचा. पांढरा असेल तर ठीक, पिवळा-हिरवा, घाण वासाचा किंवा रक्ताचा असेल तर सिस्टरना दाखवायचं, लगेच.

हे सगळं दुखणं आटोक्यात असेल तरच जमतं. आपली माणसं, विशेषतः पुरुष, डॉक्टरांनी विचारलं दुखतंय का की पडल्या पडल्या म्हणतात नाही, सहन होतंय. पडून दुखत नाही हो, खोकताना दुखतं का ते सांगायचं असतं. मी आईच्या वेळी राऊंडला स्पष्ट सांगितलं की झोपून दहापैकी दोन आणि खोकताना आठ, तर त्यांनी औषध बदललं. वेदनाशामक दिल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम आणि चालणं ठेवायचं. पण औषधाने माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फारच संथ झाला असेल, मिनिटाला दहाच्या खाली, तर ती शांत झोप नाही, तेव्हा सिस्टरना बोलवा.

सपाट झोपवू नका, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच. कॉटच्या पायथ्याशी हँडल असतो, फिरवून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. पेशंट घसरत घसरत खाली जातो आणि मान वाकडी, पोट दुमडलेलं असा होतो, त्याला वर सरकवून परत नीट बसवा. आणि उठवा. सर्जननी परवानगी दिली की त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. हाताला धरून सरळ ओढून उठवायचं नाही, पोटावर ताण येतो. गुडघे वाकवायचे, पूर्ण अंग एका कुशीवर वळवायचं, पाय कॉटखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन उठायचं. दोन मिनिटं कडेला बसू दे, गरगरलं तर पुन्हा बसायचं. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली धरायची, ड्रेनची नळी कशाला अडकत नाही ना बघायचं, पहिल्यांदा सिस्टर किंवा फिजिओ सोबत पाहिजेच. आई पहिल्या दिवशी कॉटपासून खिडकीपर्यंत गेली, नऊ पावलं. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या कुलरपर्यंत, तीन फेऱ्या. टाके आहेत हलू नकोस म्हणणाऱ्या मावशीला मी बाहेर चहाला पाठवलं.

तोंडाची स्वच्छता कुणाच्या लक्षातच येत नाही. तोंडातले जंतूच खाली छातीत उतरतात. दिवसातून दोनदा ब्रश, कवळी असेल तर काढून धुवायची, सांगितला असेल तर माउथवॉश. खायला-प्यायला सुरू केलं की भरवताना ताठ बसवूनच, छोटे घास, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. गुंगीत असताना तहान तहान करतात म्हणून चमच्याने पाणी सोडू नका, ठसका लागून तेच छातीत जातं. ओठ ओल्या गॉजने पुसायचे, पाणी कधी द्यायचं ते सिस्टर सांगतील. आणि नाकात तूप किंवा तेल सोडायचं हे तर अजिबात नको, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. पोट फुगून टम्म झालं, गॅस पास होत नाही, उलटी होतेय, तर तेही सांगा, फुगलेलं पोट पडद्याला वर ढकलतं आणि परत तेच चक्र. पोटाला पट्टा दिला असेल तर तो बरगड्यांवर चढू देऊ नका, श्वास घेताना आवळला नाही पाहिजे.

भाताने आणि वरणाने टाक्यांत पू होतो हे प्रत्येक भेटायला येणारा सांगतो. नाही होत. जखम भरायला आणि खोकायच्या ताकदीला प्रथिनं लागतात, डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर वरण, अंडं, दूध सगळं द्या. शुगर असेल तर ती मात्र ताब्यात ठेवा. आणि जो पाहुणा स्वतः शिंकतोय त्याला दारातूनच नमस्कार.

आता ओळखायचं कसं, जे मला त्या रात्री कळलं नाही.

श्वास मोजा. पेशंटला न सांगता, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. पोट किंवा छाती वर गेली की एक, घड्याळात पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो. २४-२५ च्या वर राहत असेल तर सिस्टरना सांगा, ३० ला पोचला असेल तर सांगून गप्प बसू नका, कुणीतरी डॉक्टर येईपर्यंत मागे लागा. पुष्कळदा ताप, खोकला, बाकी सगळं नंतर येतं, श्वासाचा वेग आधी वाढतो. बाबांचे सकाळी मी मोजले होते, ३२. पण तेव्हा मला ३२ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

बोटाची क्लिप: निरोगी माणसाचा ऑक्सिजन ९५ च्या वर. ९२ च्या खाली गेला तर कळवायचं. नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेलं बोट यांनी आकडा चुकतो, बोट चोळून, दुसरं बोट लावून बघा, पण आकडा चुकीचा असेल म्हणून सोडून देऊ नका. ज्यांना विडीने जुना दम आहे त्यांच्यासाठी डॉक्टर ८८ ते ९२ असं ठरवतात, म्हणून ऑक्सिजनची चावी स्वतः वाढवायची नाही.

म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, वेळ-जागा विसरलं, किंवा एकदम सुस्त झालं, तर ते वय म्हणून सोडू नका. कधी कधी न्यूमोनियाची तेवढीच खूण असते, ना खोकला ना ताप. लगेच श्वास मोजा, क्लिप लावायला सांगा.

पहिल्या एक-दोन दिवसांतला बारीक ताप बऱ्याचदा ऑपरेशनचाच असतो. दोन दिवसांनंतर नव्याने चढलेला ताप, थंडी वाजून आलेला ताप, याचं कारण शोधावंच लागतं, छाती, लघवी, सलाईनची जागा, टाके. टाक्यांभोवती लाली पसरतेय, गरम लागतंय, पू येतोय, किंवा अचानक गुलाबी पाण्यासारखं येऊन ड्रेसिंग भिजलं, हे सगळं त्याच दिवशी दाखवायचं. शेवटचं तर त्याच तासाला, आतला थर सुटल्याची ती खूण असू शकते.

एक वेगळी गोष्ट पायांची, पण शेवटी जाते छातीतच. पडून राहिल्याने पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात अडकते. म्हणून पडल्या पडल्या पावलं वर-खाली, घोटे गोल फिरवणं, चालणं, आणि सांगितले असतील तर पायाचे घट्ट मोजे आणि गुठळी होऊ नये म्हणून पोटावर देतात ती इंजेक्शनं चुकवायची नाहीत. एकच पोटरी सुजली, दुखतेय, गरम आहे, तर कृपा करून तेल लावून चोळू नका. मला माहितीये आपल्याकडे पाय चेपणं म्हणजे माया असते, आईच्या वेळी माझी मावशी तेलाची बाटली घेऊनच आली होती. पण तिथे गुठळी असेल तर चोळल्याने सुटू शकते. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करतात.

हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. डिस्चार्जनंतर गावाला सहा-सात तास गाडीतून जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, वाटेत उतरून चालवा. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ येते, थुंकीत रक्त, घेरी, ओठ निळसर, यातलं काहीही झालं तर फॅमिली डॉक्टर संध्याकाळी येतील म्हणून वाट बघायची नाही, १०८ लावायचा आणि ऑपरेशन कधी, कशाचं झालं ते फोनवरच सांगायचं. डिस्चार्ज कार्ड म्हणूनच फाईलमध्ये कपाटात नको, हाताशी ठेवा.

घरी पण श्वासाचे व्यायाम निदान आठवडा-दोन आठवडे, किंवा नेहमीसारखं हिंडणं-फिरणं होईपर्यंत. आई सकाळी देवपूजा झाली की पाटावर बसून दहा वेळा ओढायची, बाबा शेजारी बसून मोजायचे, आणि तिने झटका मारला की म्हणायचे, हळू, गिअर टाकतेस काय.

परवा समोरच्या काकूंनी ते मशीन मागितलं, त्यांच्या मिस्टरांचं ऑपरेशन आहे म्हणून. मी दिलं नाही. तोंडाला लावायची वस्तू आहे, आतली नळी घरी नीट निर्जंतुक होत नाही, आणि नवीन काही शे रुपयांत येतं. त्याऐवजी त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास बसले, उशी धरून खोकायचं कसं ते दाखवलं. काका म्हणाले अजून ऑपरेशनला आठ दिवस आहेत की. म्हटलं म्हणूनच आज आले.